औषधाला न जुमानणारे ढेकूण आणि औषधातून सुटलेले ढेकूण

फवारणी झाली, दोन दिवस घरभर वास राहिला आणि पंधरवड्यात पुन्हा अंगावर गांधी उठल्या. मग निष्कर्ष ठरलेला: ‘ढेकणांवर आता औषध चालतच नाही.’ कधीकधी ते खरं असतं. पण पुष्कळदा औषध चांगलं असतं, ते ढेकणापर्यंत पोहोचलेलंच नसतं. चावे दोन्हीकडे सारखेच, म्हणून गल्लत होते. उपाय मात्र वेगळे आहेत.

आधी खरी प्रतिकारशक्ती. 1947 मध्ये हवाईतल्या पर्ल हार्बरच्या बराकींत डीडीटीला दाद न देणारे ढेकूण आढळले. कुठलाही ढेकूण औषध सोसून सोसून कणखर होत नाही. काही मूठभर जन्मतःच वेगळे असतात. बाकीचे मेले की त्यांचीच पैदास उरते. डीडीटी आणि आजची पायरेथ्रॉइड औषधं, दोन्ही मज्जातंतूंतल्या सोडियमच्या मार्गावर, म्हणजे संदेश वाहताना सोडियम ज्यातून आत शिरतं त्या सूक्ष्म दारांवर, घाव घालतात. जनुकातल्या बदलाने या मार्गाची घडण जराशी बदलली, की दोन्ही निष्प्रभ ठरू शकतात. काही ढेकणांच्या शरीरातली विकरं विषाचे तुकडे करतात, काहींचं कवच जाड असतं, आणि एकाच ढेकणात यातलं एकाहून अधिक काही असू शकतं. अशांवर तेच औषध दुप्पट मारलं तर धोका घरातल्या माणसांनाच जास्त, विशेषतः लहान मुलांना.

आता सुटलेले ढेकूण. अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, पांढरट, फटीत चिकटवलेलं. बऱ्याच औषधांचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही, आणि उबदार खोलीत ते साधारण आठवडा-दहा दिवसांत फुटतं. मोठे ढेकूण पलंगाच्या स्क्रूच्या भोकात, गादीच्या शिवणीत, भिंतीला टेकलेल्या फळीमागे बसतात. तिथे फवारा गेलाच नाही तर ते मरणार कसे? शेजारच्या खोलीतून नव्याने आलेलेही यातच धरावेत.

ओळखायचं कसं? टॉर्च घेऊन स्वतः बघावं. दोन आठवड्यांनी फक्त फिकट, इवलीशी पिल्लं दिसली तर संशय अंड्यांवर. एकाच कोपऱ्यात सगळ्या वयाचे दाटीने बसलेले असले, तर तो कोपरा राहून गेला. पण औषध मारलेल्या लाकडावरच मोठे ढेकूण अनेक दिवस धडधाकट फिरत असतील, तर प्रतिकारशक्तीची शंका रास्त आहे. घाईने ठरवू नये: काही औषधांना परिणाम दाखवायला दिवस लागतात. उलट, पाठीवर पडलेला ढेकूणही मेलाच असं नाही. विष पचवणारे पुन्हा उठतात. पक्की खात्री प्रयोगशाळेतच होते. तिथे घरातल्या ढेकणांची तुलना औषधाला सहज बळी पडणाऱ्या ढेकणांशी करतात. असा एक वाण 1973 मध्ये अमेरिकेतल्या फोर्ट डिक्समधून गोळा केलेला आहे आणि आजही पाळला जातो.

सुटलेल्यांसाठी पलंग पूर्ण उघडून, साधारण दोन आठवड्यांनी दुसरी फेरी करावी. पहिल्या फेरीनंतर फुटलेली पिल्लं तेव्हा सापडतात, अंडी घालण्याइतकी मोठी झालेली नसतात. न जुमानणाऱ्यांसाठी औषधाचा गटच बदलावा लागतो, नुसता ब्रँड नाही. डब्यावरचं घटकाचं नाव वाचावं. दोन्हींवर वाफ आणि उष्णता चालते: आतपर्यंत 50 अंश सेल्सिअसच्या वर तापमान पोहोचून काही काळ टिकलं, की अंडीही मरतात. सिलिकाची बारीक पावडर ढेकणाच्या कवचावरचा मेणाचा थर शोषते आणि तो सुकून मरतो. ती फटींमध्ये अगदी पातळ भुरभुरावी; ढीग दिसला तर ढेकूण वळसा घालून जातात.