वाऱ्याला मागे टाकणारी होडी

शिडाची होडी वाऱ्यापेक्षा वेगाने जाते असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी पडते. शर्यतीच्या कॅटमरानचा, म्हणजे दोन सांगाडे जोडून केलेल्या शिडाच्या होडीचा, व्हिडिओ दाखवला तर ‘खाली मोटर लपवली असेल’ हे उत्तर ठरलेलं. दुसरीकडे असेच व्हिडिओ दाखवून ‘फुकटच्या ऊर्जे’ची यंत्रं खपवणारेही असतात. दोघांच्या डोक्यात शीड म्हणजे वाऱ्याने ढकललेलं फडकं. वारा थेट पाठीमागून असेल तर ते खरंही आहे, तेव्हा होडी वाऱ्याच्या पुढे जाऊ शकत नाही. वारा बाजूने आला की मात्र गणित पार बदलतं.

वारा पडलेल्या दिवशी सायकल चालवली तरी तोंडावर वारा लागतो, तो आपल्याच वेगाचा. होडीच्या शिडाला लागणारा वारा म्हणजे खरा वारा आणि होडीच्या वेगामुळे समोरून येणारा वारा यांची सदिश बेरीज. याला भासमान वारा म्हणतात आणि शीड काम करतं ते फक्त याच वाऱ्यावर.

आकडे घेऊ. खरा वारा सेकंदाला 5 मीटर, होडीच्या दिशेशी काटकोनात. होडीही 5 मीटरने निघाली की पायथागोरसच्या नियमाने भासमान वारा 7.1 मीटर होतो आणि होडीच्या दिशेशी 45 अंशांचा कोन करतो. होडीचा वेग 7.5 झाला की भासमान वारा 9 मीटर, कोन 34 अंश. होडी जितकी जोरात पळते तितका वारा वाढतो आणि तितकाच समोर सरकतो. वाढतो ते फायद्याचं, समोर सरकतो ते तोट्याचं, कारण अगदी समोरून आलेल्या वाऱ्यात शीड नुसतं फडफडतं.

मग किती समोरच्या वाऱ्यातून पुढे जाण्याचा जोर काढता येतो? शीड म्हणजे उभा केलेला विमानाचा पंख. ते हवेला वळवतं आणि त्याबदल्यात त्याला वाऱ्याशी जवळजवळ काटकोनात बल मिळतं. पूर्ण काटकोनात नाही, कारण हवेचा अवरोध ते बल थोडं मागे झुकवतो. पाण्याखालचे डॅगरबोर्ड, म्हणजे होडीतून पाण्यात उभ्या सोडलेल्या फळ्या, आणि सुकाणू हेही पंखच. ते होडीला बाजूला घसरू देत नाहीत, पण पाण्याच्या अवरोधामुळे त्यांचंही बल थोडं मागे झुकतं. हवेतला झुकाव आणि पाण्यातला झुकाव, या दोन कोनांची बेरीज म्हणजे भासमान वाऱ्याचा लहानात लहान कोन. त्याहून समोरच्या वाऱ्यावर वेग टिकत नाही. होडीचा सगळा वेग या एका बेरजेत सामावलेला असावा, ही गोष्ट मला भौतिकशास्त्रातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी वाटते. बेरीज 30 अंश असेल तर होडीचा कमाल वेग वाऱ्याच्या 1 भागिले साइन 30, म्हणजे दुप्पट. 45 असेल तर 1.4 पट. हा कमाल वेग मिळतो तो वारा काटकोनापेक्षा थोडा मागून असताना. बर्फावर पात्यांवर धावणाऱ्या शिडाच्या गाड्यांना खालून अवरोध जवळपास नसतोच, म्हणून त्या वाऱ्याच्या चार-पाच पट वेग गाठतात. यात फुकट काही नाही. हवा आणि पाणी यांच्या वेगांत फरक आहे तोवरच हे चालतं, आणि शिडावरून गेलेला वारा तेवढा मंदावलेला असतो.

कॅटमरानला ही बेरीज लहान ठेवता येते ती तिच्या दोन सडपातळ हलमुळे, म्हणजे पाण्यात बसणाऱ्या सांगाड्यांमुळे. 5 मीटर लांबीची रुंद, जड होडी सेकंदाला 2.8 मीटरच्या आसपास अडकते. तिने उठवलेली लाट तिच्याच लांबीची होते आणि पुढे जायचं तर तीच लाट चढावी लागते. अरुंद हल मुळात लाटच थोडी उठवतात. शिवाय दोन हलमधल्या अंतरामुळे होडी तोलायला शिशाचं वजन लागत नाही. अमेरिकन होडीरचनाकार नथानिएल हेरशॉफ यांनी 1876 मध्ये न्यूयॉर्कच्या शर्यतीत ‘अमॅरिलिस’ ही अशी होडी उतरवली. तिने इतरांना मागे टाकलं आणि तिलाच बाद ठरवलं गेलं. ऑलिंपिकमध्ये टोर्नेडो वर्गाची कॅटमरान आली ती 1976 मध्ये.

आता हीच होडी हिवाळ्यात गोठणाऱ्या एखाद्या तळ्यावर, वसंतात. बर्फ वितळलेलं असतं, पण पाणी 4 अंश सेल्सियसच्या आसपास. याच तापमानाला पाण्याची घनता सर्वांत जास्त असते, त्यामुळे तोवर तापलेलं पाणी खाली बुडत राहतं आणि संपूर्ण तळं ढवळून निघतं. वरची हवा मात्र दुपारी 18-20 अंशांवर पोचते. पाण्याला टेकलेली हवा गार, म्हणून जड, आणि ती जागची हलत नाही. वरचा उबदार वारा तिच्यावरून घसरत जातो. आठेक मीटरच्या डोलकाठीच्या टोकाला चांगला वारा आणि खाली जेमतेम झुळूक, असं घडतं. शिडावर चिकटवलेल्या लोकरीच्या धाग्यांत हे दिसतं. खालचे धागे सरळ मागे वाहत असतात आणि वरच्या भागात वाऱ्याआडच्या बाजूचा धागा मान टाकतो. वर वारा जास्त, म्हणून तिथे भासमान वारा जरा मागून येतो. शीड ताणून धरणारी दोरी थोडी सैल सोडून शिडाच्या माथ्याला पीळ दिला की तो धागा पुन्हा वाहू लागतो.

किनाऱ्यावरची जमीन मात्र उन्हाने तापते. तिच्यावर हवा वर-खाली घुसळते, वरचा वेगवान वारा खाली येतो आणि तळ्यावर झोतांनी उतरतो. आपल्या उदाहरणात, होडीचा वेग 7.5 असताना, वारा अचानक 5 वरून 7 झाला तर होडीचा वेग बदलण्याआधीच भासमान वारा 34 वरून 43 अंशांवर, म्हणजे मागे सरकतो. शिडावर 9 अंशांचा जादा कोन, जादा वेग, दोन्ही एकाच क्षणी. वारा 3 वर उतरला तर कोन 22 अंश होतो, शीड रिकामं पडतं आणि होडी तोलायला ट्रॅपीझच्या, म्हणजे डोलकाठीला बांधलेल्या, तारेवर बाहेर लटकलेला माणूस पाठीने पाण्यावर टेकतो.

‘थंड वारा जड असतो’ हे खलाशांचं म्हणणं खरं आहे, पण तेवढ्यापुरतंच. 5 अंशांची हवा 25 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 7 टक्के जास्त दाट असते. वारा 5 चा 7 झाला की दाब जवळपास दुप्पट होतो. आणि शिट्टी वाजवल्याने वारा येतो या जुन्या समजुतीपेक्षा पाण्यावर सरकत येणारा गडद पट्टा पाहणं केव्हाही शहाणपणाचं, कारण झोत तिथे डोळ्यांना दिसतो.

झोतात शिडाचा जोर वर, पाण्याचा अवरोध खाली, त्यामुळे वाऱ्याआडच्या हलचं पुढचं टोक पाण्यात घुसतं आणि होडी कोलांटी खाते. म्हणून होडीतले दोघेही खलाशी मागे सरकतात आणि शिडाची दोरी सोडतात. तरी उलटलीच तर 4 अंशांच्या पाण्यात पहिला धोका गारठून जाण्याचा नसतो. अंगाला पाणी लागताच माणूस न ठरवता जोरात श्वास ओढतो आणि त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी फुप्फुसात जातं. हा झटका मिनिटभरात ओसरू लागतो, मात्र त्यानंतर काही मिनिटांतच बोटांची पकड जाऊ लागते. म्हणून ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न शिरू देणारा पोशाख, आणि जीवरक्षक जॅकेट घालूनच उतरायचं, आणि श्वास ताळ्यावर आला की आधी होडीचं तोंड वाऱ्याकडे वळवायचं. मग होडी सरळ करायच्या दोरीला लटकून शीड पाण्यावरून थोडं उचललं की वारा त्याखाली शिरतो आणि उरलेलं वजन तोच उचलतो.