काळ्या-पांढऱ्या फिल्मवरचे झगमगते रंग

‘द विझर्ड ऑफ ऑझ’ या १९३९च्या संगीतपटात डोरोथी घराचं दार उघडते आणि तपकिरी दुनिया एका क्षणात रंगांनी भरून जाते. ही करामत मागाहून केली असेल, असं आज पाहताना वाटतं. प्रत्यक्षात त्या दृश्यात कॅमेरा रंगीत चित्रणाचाच होता. तपकिरी होतं ते घर! भिंती, दार, सगळं तपकिरी रंगवलेलं. दार उघडणारी पाठमोरी मुलगीही डोरोथीची भूमिका करणारी ज्यूडी गार्लंड नव्हे, तर तपकिरी झग्यातली तिची डबल. ती बाजूला सरते आणि निळ्या चौकडीच्या झग्यातली गार्लंड पुढे येते.

त्याहून नवल म्हणजे टेक्निकलर या रंगीत चित्रणाच्या तंत्राच्या या कॅमेऱ्यात रंगीत फिल्म नव्हतीच. आत तीन काळ्या-पांढऱ्या फिल्म एकाच वेळी धावत. भिंगामागचा लोलक प्रकाशाची वाटणी करी: एका फिल्मवर हिरव्याची नोंद, तर एकमेकींना चिकटून धावणाऱ्या उरलेल्या दोघींवर निळ्याची आणि लालची. या वाटणीत आणि फिल्टरमध्ये बराच प्रकाश खर्ची पडायचा, म्हणून सेटवर दिव्यांचा भडिमार लागे. ऑझच्या सेटवर तापमान ३८ अंशांच्या वर जाई, आणि त्यात नटांच्या अंगावर जाडजूड पोशाख!

मग प्रत्येक निगेटिव्हवरून जिलेटिनचा उठावदार साचा बनवत. लालच्या नोंदीचा साचा निळसर-हिरव्या रंगात, हिरव्याचा किरमिजीत आणि निळ्याचा पिवळ्यात भिजवून कोऱ्या फिल्मवर एकावर एक दाबत, ठशांनी कापडावर छपाई करावी तसं. मूळ पुस्तकात डोरोथीचे बूट चांदीचे आहेत. ते माणकाचे झाले ते या रंगांचं सोनं करण्यासाठीच.

१९५०मध्ये तिन्ही रंग एकाच पट्टीवर टिपणारी ईस्टमनकलर ही रंगीत निगेटिव्ह आली. साधा कॅमेरा, कमी खर्च. काही वर्षांतच तीन फिल्मचे कॅमेरे अडगळीत गेले. पण नव्या फिल्मचे रंग टिकाऊ नव्हते. त्या काळच्या कितीतरी प्रिंट आज गुलाबी पडल्या आहेत. टेक्निकलरच्या निगेटिव्हमध्ये मात्र उडून जायला रंगच नव्हता, होती ती काळं-पांढरं चित्र घडवणारी चांदी. म्हणून १९३९चा चित्रपट १९६०च्या दशकातल्या एखाद्या चित्रपटापेक्षा ताजा दिसू शकतो.

अडचण वेगळीच आहे. तिन्ही फिल्म वर्षानुवर्षं कमीजास्त आकसतात आणि कडांना रंगीत झालर येते. आता तिन्ही स्कॅन करून संगणकावर तंतोतंत जुळवतात. त्यामुळे आपल्याला दिसणारं चित्र १९३९च्या प्रेक्षकाला दिसलं त्याहून रेखीव असतं. पिवळ्या विटांचा रस्ता संपून रंगवलेला पडदा सुरू होतो, ती रेघही आता लपत नाही. ती पुसू नये, असं मला ठामपणे वाटतं. पडदे रंगवणाऱ्यांची मेहनत तिथेच तर दिसते.

टीव्हीवर पाहताना रंग भडक करणारा ‘व्हिव्हिड’ मोड मात्र बंद ठेवा. तो चालू असला की बुटांवरच्या टिकल्या एकमेकींत मिसळतात आणि नुसता लाल डाग उरतो.