प्रभावळकर, दिलीप

(४ ऑगस्ट १९४४ – ). मराठी दूरचित्रवाणी, रंगभूमी व चित्रपट यांतील अभिनेते आणि लेखक. जन्म मुंबईत. रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातील चेटकिणीची भूमिका त्यांच्या आरंभीच्या कामांपैकी. पुढील नाट्यकारकीर्द मोठी आहे. स्वतः लिहिलेल्या ‘हसवाफसवी’त त्यांनी सहा भूमिका केल्या.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. चिं. वि. जोशी यांच्या विनोदी कथांवरील मालिकेत प्रभावळकर चिमणराव व बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले. प्रक्षेपणाचा काळ साधारणतः १९७७–७९ असा देतात. याच पात्रांवरील चित्रपट १९७९ चा असल्याने साल सांगताना दोहोंची गल्लत होऊ शकते. मालिकेला मराठीतील पहिली म्हणण्याचा प्रघात आहे. मालिका म्हणजे भागाभागांतून पुढे सरकणारे सलग कथानक, अशी व्याख्या धरल्यास हा मान वादग्रस्त ठरतो, कारण मूळ कथा सुट्या आहेत. मात्र कायम पात्रे व कायम कुटुंब हा निकष लावला, तर दावा टिकतो. तोच निकष अधिक ग्राह्य वाटतो. राष्ट्रीय प्रसारणातील ‘हम लोग’ १९८४ ची, हेही येथे ध्यानात घ्यावे.

चिमणराव पडद्याला नवा नव्हता. दामुअण्णा मालवणकरांनी ‘लग्न पहावे करून’ (१९४०) व ‘सरकारी पाहुणे’ (१९४२) या चित्रपटांत तो रंगवला होता. अडचण निराळीच होती. जोशींच्या कथा चिमणराव स्वतः सांगतो आणि आपली फजिती आपल्याला कळलेली नाही अशा थाटात सांगतो. विनोद बराचसा त्या निवेदनात आहे. कॅमेऱ्यापुढे निवेदन गळाले की तो भाबडा आत्मविश्वास नटाच्या चेहऱ्यावर व बोलण्यात यावा लागतो. प्रभावळकरांनी अंगविक्षेप आवरून हे साधले, असे म्हणता येते. त्या काळी टेपा महाग असल्याने त्यांवर पुन्हा मुद्रण करण्याची दूरदर्शनची रीत होती. त्यामुळे तत्कालीन अभिनयाची चर्चा बव्हंशी प्रेक्षकांच्या आठवणींवरच चालते.

दुसरी महत्त्वाची भूमिका ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ (२००१–०५, अल्फा मराठी, नंतरची झी मराठी, दिग्दर्शक केदार शिंदे) मधील आबांची. आधार प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’चा, म्हणजे पुन्हा प्रथमपुरुषी गद्याचा. येथे मात्र आबांच्या रोजनिशीतून निवेदन मालिकेतही राहिले. मुलगा, सून व नातवंडे यांच्या धांदलीत आबा बरेचदा नुसते ऐकत असतात. हे ऐकणे हाच भूमिकेचा गाभा होय.

चित्रपटांपैकी ‘चौकट राजा’ (१९९१) व ‘झपाटलेला’ (१९९३) उल्लेखनीय. ‘लगे रहो मुन्ना भाई’ (२००६) मधील गांधीजी आणि मराठी ‘शेवरी’ यांसाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुलांसाठीची ‘बोक्या सातबंडे’ ही कथामालाही त्यांचीच.