घराबाहेर पडून स्वतंत्र राहणे (नागपूर)

सज्ञान आणि बहुधा अविवाहित मुलाने वा मुलीने आईवडिलांचे घर सोडून स्वतःच्या जबाबदारीवर दुसऱ्या जागेत राहू लागणे. भाड्याची खोली, दोघातिघांत घेतलेला फ्लॅट, पेइंग गेस्ट, वसतिगृह हे सगळे यात धरतात. लग्नानंतर भावाभावांनी वेगळे निघणे ही गोष्ट निराळी. तिच्यात वाटणी असते आणि पुष्कळदा अबोलाही असतो.

भारतात १८ वर्षे पूर्ण झाली की माणूस सज्ञान होतो (यासंबंधीचा कायदा १८७५ चा आहे) आणि मग कुठे राहायचे हे ठरवायला त्याला कोणाची परवानगी लागत नाही. नागपुरात मात्र वय फारसे कोणी पाहत नाही, किलोमीटर पाहतात. गोंदियाहून नागपूरला आलेला मुलगा ‘शिकायला’ असतो, नागपूरहून पुण्याला गेलेली मुलगी ‘जॉबला’ असते, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. नागपूरच्याच महाल भागातल्या मुलाने त्याच शहरातल्या त्रिमूर्तीनगरात खोली केली की शेजारीपाजारी विचारतात, ‘काऊन, घरी काही झालं काय?’

लग्नाआधी घर सोडण्याची चाल पश्चिम युरोपात औद्योगिक क्रांतीहूनही जुनी आहे. जॉन हाजनल या अभ्यासकाने १९६५ साली सेंट पीटर्सबर्ग ते त्रिएस्त अशी एक रेषा कल्पिली. तिच्या पश्चिमेकडे माणसे उशिरा लग्न करीत. तिथे लग्नाआधीची काही वर्षे परक्या घरी गडी किंवा मोलकरीण म्हणून काढणे शेतकऱ्यांच्या मुलांनाही नवे नव्हते, आणि लग्न झाले की जोडपे आपले घर मांडी. आजही सगळा युरोप एका मापाचा नाही. फिनलंडमध्ये मुले सरासरी एकविशी-बाविशीत घर सोडतात, क्रोएशियात तिशी उलटते. जेफ्री आर्नेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २००० साली १८ ते २५ हा आयुष्याचा स्वतंत्र टप्पा मानावा असे मांडले. नागपुरात या टप्प्यात एक बीई आणि एमपीएससीचे दोन-तीन प्रयत्न आरामात बसतात.

आपल्याकडचे चित्र समजून घ्यायला इरावती कर्वे यांची एकत्र कुटुंबाची व्याख्या जास्त कामाची आहे. एक छप्पर, एका चुलीवरचे जेवण आणि सामाईक मिळकत ही तिची मुख्य अंगे. नागपूरच्या स्वतंत्र राहणाऱ्या तरुणाला ती लावून पाहिली तर बदललेले दिसते ते बहुतेक वेळा छप्पर तेवढे. लोणचे, चटणी, चिवडा घरूनच येतो आणि भाड्याचे पैसेही पहिली काही वर्षे तिकडूनच येतात.

येणारे आणि जाणारे

नागपूर १९५६ पर्यंत राजधानीचे शहर होते, आधी मध्य प्रांताची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी. राजधानीपण गेले तरी तिच्याभोवती उभी राहिलेली शिक्षणाची घडी मोडली नाही. हिस्लॉप कॉलेज १८८३ चे, विद्यापीठ १९२३ चे, लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था १९४२ ची, मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) १९४७ चे आणि आजची व्हीएनआयटी ही अभियांत्रिकी संस्था १९६० ची. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, वर्धा इथली मुले दहावी-बारावीनंतर नागपूरकडे पाहतात ते यामुळे. अलीकडे त्यात आयआयएम (२०१५) आणि एम्स (२०१८) यांची भर पडली आणि मिहान या विमानतळालगतच्या उद्योगक्षेत्रात टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस यांच्यासारख्या कंपन्या आल्या. तरीही आयटीतली नागपूरची मुले मोठ्या संख्येने पुणे, बंगळुरू, हैदराबाद गाठतात. दिवाळीच्या आठवड्यात पुणे–नागपूर गाडीचे तिकीट मिळवणे हा बाहेर राहण्याच्या शिक्षणातला एक धडाच समजतात.

शहर अशा तऱ्हेने एका हाताने आपली मुले पाठवते आणि दुसऱ्या हाताने आसपासच्या जिल्ह्यांतली घेते. याचा घरांच्या रचनेशी थेट संबंध आहे. नागपूर सुधार प्रन्यासने (कायदा १९३६) आणि नंतर गृहनिर्माण संस्थांनी पाडलेल्या लेआउटांमध्ये प्लॉटवर स्वतंत्र घर बांधायची पद्धत रुजली. तळमजला नोकरीत असताना बांधायचा आणि मुलाच्या लग्नाच्या बेताने वरचा मजला चढवायचा, असा हिशेब असे. मग मुलगा पुण्याला लागला आणि वरचा मजला रिकामा राहिला. प्रतापनगर, खामला, नरेंद्रनगर, मानेवाडा या भागांत आज अशा वरच्या मजल्यांवर बाहेरगावची मुले राहतात. जिना बाहेरून असतो आणि खाली निवृत्त काका-काकू असतात.

म्हणून नागपुरात घर सोडणे म्हणजे पुष्कळदा एका आईवडिलांकडून दुसऱ्या आईवडिलांकडे जाणे. काकाजी रात्री साडेदहाला फाटकाला कुलूप लावतात, मित्र किती आले ते मोजतात, आणि ताप आला तर काकू वर मुगाची खिचडी पाठवतात. ज्याला मोकळीक हवी असते त्याला यातले पहिले जाचते आणि दुसरे नाकारता येत नाही. बेसा, बेलतरोडी, मनीषनगर या बाजूच्या नव्या फ्लॅट स्कीममध्ये मालक डोक्यावर नसतो, म्हणून नोकरी लागलेल्यांचा ओढा तिकडे असतो. भाडे जास्त पडते, मेंटेनन्स वेगळा द्यावा लागतो आणि ‘बॅचलर नको’ म्हणणारी कमिटी असतेच. हिंगणा रोडवर इंजिनिअरिंग कॉलेजांमुळे आणि मेडिकल चौकाच्या आसपास रुग्णालयामुळे खोल्यांची तयार बाजारपेठ आहे.

खोली करणे

खोली पाहायला गेलेल्याला पहिला प्रश्न गावाचा विचारतात, दुसरा कॉलेजचा किंवा कंपनीचा, आणि तिसरा, आवाज जरा खाली आणून, पूर्ण नावाचा. आडनाव कळले की व्हेज-नॉनव्हेजचा विषय निघतो. १९५६ ची धम्मदीक्षा ज्या शहरात झाली तिथे बौद्ध तरुणाला आणि मुस्लिम तरुणाला ‘आताच दुसऱ्यांना दिली’ हे उत्तर आजही ऐकावे लागते. नकार तोंडी असतो, त्याचे कारण दुसरेच सांगितले जाते, त्यामुळे तक्रार करायलाही हाती काही राहत नाही. सावजीच्या रश्शावर मिरवणाऱ्या शहरात घरमालकांची शाकाहाराची अट कशी टिकते, हे कोडे आहे.

कागदाची बाजू पुष्कळांना ठाऊक नसते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ (अंमल ३१ मार्च २००० पासून) याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स (मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणारा करार) लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी नको, ही समजूत राज्यात चुकीची आहे. नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची असते. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरावे असे तेच कलम सांगते. व्यवहारात स्टॅम्प पेपरवर नोटरीचा शिक्का मारून काम भागवतात, आणि वरच्या मजल्याच्या एका खोलीसाठी तर शब्दावरच. खोली सोडताना डिपॉझिटमधून रंगाचे, नळाचे, पंख्याचे पैसे कापले जातात तेव्हा कागदाची आठवण होते. भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात देण्याचे काम मालकाचे असते, पण आधारकार्डाची झेरॉक्स घेऊन धावपळ बहुधा मुलालाच करावी लागते.

गॅसचे कनेक्शन कायमच्या पत्त्याशिवाय अवघड, म्हणून ५ किलोचा छोटा सिलिंडर खोल्याखोल्यांत दिसतो. तो केवळ ओळखपत्रावर मिळतो. वीज सबमीटरवर असते आणि युनिटचा दर मालक सांगेल तो.

खऱ्या परीक्षेचा काळ म्हणजे एप्रिल ते जूनचा मध्य. पारा ४५ च्या वर जातो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री अकरालाही तापलेला असतो. होळी झाली की कूलर बाहेर निघतात, त्यांच्या ताट्यांतले जुने गवत काढून नवे भरतात, खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर कूलर चढतो. अनेक मालक या महिन्यांत कूलरचे पैसे वेगळे लावतात. टाकी भरायची पाळी कोणाची यावरून रूमपार्टनरांत जी भांडणे होतात ती भाड्यावरून होत नाहीत. पहाटे कधीतरी पाणी संपते, पंपाचा आवाज कोरडा होतो, गरम वारा अंगावर येतो आणि कोणीतरी एक शिव्या देत बादली घेऊन उठतो. पुण्याला पहिला उन्हाळा काढणारा नागपूरकर तिकडच्या ‘उकाड्या’ला हसतो तो या तयारीमुळे.

जेवण बहुतेकांचे मेसवर. महिन्याचे पैसे आधी भरायचे, गावी गेले तर खाडे धरायचे, आणि किती दिवसांच्या आतले खाडे धरत नाहीत हे आधी विचारून घ्यायचे. रविवारी दुपारी काहीतरी विशेष असते आणि संध्याकाळी मेस बंद. या रविवार संध्याकाळीच अनेकजण स्वयंपाकाला पहिला हात घालतात. मुलांची सुरुवात खिचडीने किंवा अंड्याच्या भुर्जीने होते. मोबाइलवर आईला विचारत केलेले वांग्याचे भरीत त्यानंतरचे. सकाळचे पोट तर्री-पोह्यांच्या गाडीवर भागते. पूर्वी काटोल, उमरेडकडच्या मुलांचे डबे एसटीने येत. मुले बसस्थानकावर गाडीची वाट पाहत उभी असत. मेस वाढल्या तशी ती सोय मागे पडली.

त्याच शहरात वेगळे

नागपूरचेच घर असताना नागपुरातच वेगळे राहणारे तरुण थोडे आहेत, आणि त्याचे कारण नुसते संस्कारात शोधून चालणार नाही. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २४ लाखांच्या घरात होती, पण अंतरे आटोपशीर आहेत. गाडीवर बसले की बहुतेक ठिकाणी पाऊण तासात पोचता येते. मुंबईत लांबचा प्रवास हे वेगळे राहण्याचे सभ्य कारण होऊ शकते, इथे ते चालत नाही. मेट्रोची नारिंगी मार्गिका ऑटोमोटिव्ह चौकापासून खापरीपर्यंत गेली (पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये पूर्ण झाला) आणि उत्तर नागपुरातून मिहानच्या बाजूला रोज जाणे सोपे झाले. अंतराचे उरलेसुरले निमित्तही गेले.

त्यामुळे याच शहरात वेगळे राहणाऱ्याकडे बहुधा ठोस कारण असते: दोन खोल्यांत सहा माणसे, वडिलांचे दारूचे व्यसन, ठरवलेले लग्न नाकारणे, जातीबाहेरचे प्रेम. कारण सांगता येत नाही म्हणून ‘ऑफिस जवळ पडतं’ असे सांगितले जाते. ज्यांना केवळ स्वतःचे दार हवे असते आणि घरात भांडण काहीच नाही, त्यांची अडचण याहून मोठी. त्यांना सांगायला काहीच नसते.

अभ्यासिका ही यातली मधली वाट म्हणून ओळखायला हवी. स्पर्धा परीक्षेच्या नावाने महिन्याची फी भरून टेबल, दिवा, प्लग पॉइंट आणि लॉकर मिळतो. नंदनवन, महाल, इतवारी अशा दाट वस्तीतली मुलेमुली सकाळी सातला जाऊन रात्री दहाला परततात. घरी फक्त झोप आणि आंघोळ. घर सोडल्याचा बोभाटा होत नाही आणि दिवस स्वतःचा होतो. मुलींच्या बाबतीत तर बाहेर राहण्याला सगळ्यात लवकर संमती मिळते ती अभ्यासाच्याच नावाने. मुलीची खोली घरचे प्रत्यक्ष येऊन पाहतात. लेडीज होस्टेल चालते, फ्लॅट चालत नाही. होस्टेलचे फाटक मुलांच्या खोलीच्या फाटकाआधी बंद होते. नोकरी लागून पगार चांगला असला तरी नागपुरातच एकटी राहण्याची परवानगी मिळवण्यापेक्षा बंगळुरूला बदली मागणे सोपे, असे मुली सांगतात.

पैसा आणि कायदा

वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी राज्याच्या योजना आहेत: अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना, आणि इतर मागास व भटक्या विमुक्त वर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. भोजन, निवास आणि निर्वाह यांची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येते. हप्ता उशिरा आला तर घरमालक मात्र थांबत नाही. ग्रामीण भागातल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला, विशेषतः मुलीला, स्वतःच्या नावावर भाडे भरता येणे हे या योजनांनी घडवलेले मोठे काम आहे, आणि त्याची चर्चा फारच कमी होते.

कागदोपत्री बहुतेकजण वर्षानुवर्षे आईवडिलांच्याच पत्त्यावर राहतात. आधार, बँक आणि मतदार यादी तिथलीच असते. वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला तिथल्या किंवा घरच्या मतदारसंघात, कुठल्यातरी एकाच ठिकाणी, नाव नोंदवता येते. मतदानासाठी गावी जाणे मात्र अजून रूढ आहे.

घर सोडल्याने आईवडिलांबद्दलचे कर्तव्य संपत नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम २००७ प्रमाणे स्वतःचा निर्वाह करू न शकणारे आईवडील सज्ञान मुलाकडे किंवा मुलीकडे निर्वाह मागू शकतात. मूळ कायद्यात त्याची कमाल मर्यादा महिन्याला १०,००० रुपये आहे. आईवडील राहतात त्या जिल्ह्यातल्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, मग मुलगा पुण्यात असो की बंगळुरूत.