मोटरसायकल स्कॅव्हेंजर रॅली

मोटरसायकल स्कॅव्हेंजर रॅली : आयोजकांनी यादीत दिलेली ठिकाणे ठरावीक मुदतीत शोधून काढायची, तिथे पोहोचल्याचा पुरावा गोळा करायचा आणि वेळेच्या आत अंतिम ठिकाणी हजर व्हायचे, अशा स्वरूपाची दुचाकीवरील स्पर्धा. प्रत्येक ठिकाणाला गुण असतात आणि ज्याची बेरीज सर्वांत मोठी, तो विजेता. मार्ग आखून दिलेला नसतो, कोण आधी पोहोचला याला महत्त्व नसते आणि सगळी ठिकाणे गाठण्याची सक्तीही नसते. बहुतेक रॅल्यांत यादीच इतकी लांब ठेवतात की ती कोणालाही पुरी करता येऊ नये. त्यामुळे यादीतले काय सोडून द्यायचे, हे ज्याला नीट ठरवता येते तो या खेळात पुढे जातो.

गुण मिळवून देणाऱ्या ठिकाणाला रॅलीच्या बोलीत ‘बोनस’ म्हणतात आणि सगळी मांडणी करणाऱ्याला ‘रॅलीमास्टर’. बोनस म्हणजे एखादे बंद पडलेले रेल्वे स्थानक, जुना, छपराने झाकलेला लाकडी पूल, खिंडीच्या माथ्यावरची उंचीची पाटी, दीपगृह, विस्मृतीत गेलेल्या एखाद्या व्यक्तीचा पुतळा, गावाच्या वेशीवरचे भित्तिचित्र. छोटी रॅली आठ ते बारा तासांत आटोपते. २४ आणि ३६ तासांच्या रॅल्या लांब पल्ल्याच्या रायडरांत लोकप्रिय आहेत. काही अनेक दिवस चालतात.

वस्तू शोधून आणण्याचा मूळ खेळ, म्हणजे ‘स्कॅव्हेंजर हंट’, घरगुती मेजवान्यांतला. दोन महायुद्धांच्या दरम्यान अमेरिकी यजमानीण एल्सा मॅक्सवेल यांनी तो पॅरिस आणि न्यूयॉर्कच्या उच्चभ्रू वर्तुळांत गाजवला. मोटरसायकलवरच्या रॅलीत वस्तू उचलून आणण्याऐवजी छायाचित्र काढून आणायचे असते. या प्रकारातील सर्वांत नावाजलेली स्पर्धा म्हणजे अमेरिकेतील आयर्न बट रॅली. ती १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील माँटगोमेरीव्हिल येथून सुरू झाली; पहिल्या वर्षी दहाच रायडर निघाले होते. ११ दिवसांत ११,००० मैल, म्हणजे सुमारे १७,७०० किमी, ही तिची ओळख. मात्र तिथेही निकाल गुणांवर लागतो, अंतरावर नाही. दुसऱ्या टोकाला हंगामभर चालणाऱ्या सैल रॅल्या आहेत. ब्रिटनमधील राउंड ब्रिटन रॅलीत देशभरातील ठरावीक खुणांपाशी आपली गाडी उभी करून छायाचित्र घ्यायचे असते, आणि अमेरिकेतील टूर ऑफ ऑनर युद्धस्मारके व शहीदस्मारकांभोवती गुंफलेली आहे. इथे घड्याळाचा जाच नसतो. सुट्टीच्या दिवशी निघावे, जमतील तेवढी ठिकाणे करावीत, पुढच्या महिन्यात उरलेली.

रॅलीचे पुस्तक आणि आखणी

घड्याळावर चालणाऱ्या रॅलीत बोनसची यादी, म्हणजे ‘रॅली बुक’, सुरुवातीच्या आदल्या संध्याकाळी किंवा थेट त्याच सकाळी हातात पडते. काही आयोजक ती काही दिवस आधी पाठवतात. प्रत्येक नोंदीत बोनसचा सांकेतिक क्रमांक, अक्षांश-रेखांश, छायाचित्रात नेमके काय दिसले पाहिजे, गुण किती, आणि अटी : फक्त दिवसाउजेडी, फक्त अमुक वाजेपर्यंत, पेट्रोलची पावती जोडलेली हवी. पूर्वी हे सगळे कागदी नकाशावर रंगीत टाचण्या टोचून होत असे. २ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएस संकेतांतील मुद्दाम ठेवलेली त्रुटी काढून टाकली, नागरी उपकरणांचा नेमकेपणा एकदम वाढला आणि रॅलीमास्टरांना एखादी लहानशी पाटीसुद्धा बोनस म्हणून देता येऊ लागली. आज रायडर जीपीएक्स फाइल, म्हणजे ठिकाणांचे अक्षांश-रेखांश साठवलेली संगणकीय फाइल, उघडतो, ठिकाणांना गुणांप्रमाणे रंग देतो आणि पडद्यावर गुण कुठे दाटले आहेत ते पाहतो.

यातले गणित खरोखर अवघड आहे. मर्यादित वेळेत सर्वाधिक गुणांची ठिकाणे निवडून त्यांचा क्रम लावण्याच्या कोड्याला गणितात ‘ओरिएंटीयरिंग प्रॉब्लेम’ म्हणतात. संशोधक त्सिलिगिरीडीस यांनी १९८४ मध्ये त्यावर लेखन केले, आणि १९८७ मध्ये गोल्डन, लेव्ही व व्होरा यांनी तो संगणकासाठीही अतिकठीण वर्गात मोडतो हे दाखवले. फक्त दहा बोनस घेतले तरी ते गाठण्याचे ३६,२८,८०० क्रम होतात, आणि इथे तर कोणते दहा घ्यायचे हेही ठरवायचे असते. अनुभवी रायडर हे सोडवत बसत नाही. तो आधी शेवटाकडून मागे येतो : अंतिम ठिकाणी किती वाजता पोहोचायचे, त्याआधी कुठे असायला हवे, रात्र कुठे पडेल. मग गुणांचा एखादा दाट पट्टा कणा म्हणून धरतो आणि उरलेले त्याला जोडतो किंवा खोडतो. वाटेत वेळ बिघडली तर कोणते बोनस आधी गळतील, हेही निघण्यापूर्वीच लिहून ठेवतो. रात्री दोन वाजता, थकलेल्या डोक्याने, हा निर्णय चांगला होत नाही.

रॅलीमास्टर सापळेही रचतो. दूरच्या, एकाच रस्त्याने जावे-यावे लागणाऱ्या खोऱ्यात ९०० गुणांचा बोनस ठेवतो. पाहताक्षणी भुरळ पडते, पण तेवढ्याच वेळात जवळचे १५० गुणांचे सात बोनस झाले असते तर १,०५० गुण पदरात पडले असते. ‘कॉम्बो’ हा आणखी एक डाव : पाच दीपगृहांपैकी पाचही केली तर वर भरघोस गुण, चार केली तर वरचे काहीच नाही. चांगल्या रॅलीत एकच सरळ उत्तर नसते. दोन-तीन वेगवेगळ्या दिशांनी गेलेले रायडर शेवटी थोड्याच गुणांच्या फरकाने एकत्र यावेत, यात रॅलीमास्टरची खरी करामत आहे.

आडरस्ते

महामार्गावरून झटपट गाठता येणाऱ्या बोनसना गुण कमी आणि आडवळणाच्या बोनसना जास्त, हे या रॅल्यांचे सर्वसाधारण धोरण. निसर्गरम्य भागांत भरणाऱ्या रॅल्या तर त्याच जोरावर उभ्या असतात. अमेरिकेतील ब्लू रिज पार्कवे हा ४६९ मैलांचा, म्हणजे सुमारे ७५५ किमीचा डोंगरमाथ्यावरून जाणारा रस्ता. त्यावर मालवाहू वाहनांना बंदी आहे आणि वेगमर्यादा साधारण ताशी ४५ मैल. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिना यांच्या सीमेवर यूएस १२९ या रस्त्याचा ११ मैलांचा तुकडा ३१८ वळणांसाठी प्रसिद्ध आहे. इटलीतील २,७५७ मीटर उंचीची स्टेल्व्हियो खिंड उत्तरेकडून चढताना ४८ हेअरपिन वळणे लागतात. ही नावे सगळ्यांच्या तोंडी असतात, म्हणूनच तिथे सुट्टीच्या दिवशी रांगा लागतात. जाणता रॅलीमास्टर बोनस ठेवतो तो अशा रस्त्याच्या पलीकडच्या, नकाशावर बारीक रेघेने दाखवलेल्या खोऱ्यात. ज्या रस्त्याने जाण्याचे दुसरे काहीच कारण नव्हते त्या रस्त्याने माणूस जातो, हे या खेळाचे सर्वांत मोठे देणे आहे.

आडरस्ता वेळेचा हिशेब मात्र बिघडवतो. नकाशाचे ॲप जो अंदाज देते तो बहुधा चारचाकीचा आणि सलग प्रवासाचा. त्यात थांबे, पेट्रोल, चुकलेली वळणे धरलेली नसतात. शिवाय रस्ता स्वतः बदलत राहतो. वळणाच्या आतल्या बाजूने गाड्या कच्च्या कडेवर उतरतात आणि खडी डांबरावर ओढून आणतात. ती नेमकी गाडी सर्वांत जास्त झुकलेली असते तिथे सापडते. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरचा चिखल, झाडांच्या दाट सावलीतला दुपारपर्यंत न वाळलेला पट्टा, रस्त्याला तिरके छेदणारे रूळ, जाळीदार पोलादी पूल ही नेहमीची ठिकाणे. तिन्हीसांजेला जनावरे बाहेर पडतात. पेट्रोल पंप विरळ असतात आणि लवकर बंद होतात, म्हणून टाकी अर्ध्यावर आली की भरून घ्यायची हा शिरस्ता. लांबच्या रॅलीत काही जण जादा टाकी बसवतात. आयर्न बट रॅलीत एकूण इंधनक्षमतेवर ११.५ अमेरिकी गॅलन, म्हणजे सुमारे ४३.५ लिटर, ही मर्यादा आहे.

थांबा

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की वेग वाढवला की गुण वाढतील. साधा हिशेब उलटे सांगतो. ६० किमीच्या आडरस्त्यावर सरासरी वेग ताशी ८० वरून ९० वर नेला, जे अशा रस्त्यावर धोक्याचे आणि बहुधा बेकायदाही आहे, तरी ४५ मिनिटांची ४० होतात. पाच मिनिटे. दिवसभरातल्या ३० बोनसपैकी प्रत्येक थांबा दोन मिनिटांनी कमी केला तर पूर्ण तास वाचतो, आणि त्यात कोणताही धोका पत्करावा लागत नाही. म्हणून मुरलेले रायडर थांब्याचा सराव करतात.

थांबा असा होतो : पोहोचण्याआधीच पुस्तकातली नोंद डोळ्यांखालून घातलेली असते. गाडी निघायच्या दिशेने तोंड करून, साइड स्टँड खडीत रुतणार नाही अशा जागी लावायची. स्टँडखाली ठेवायला छोटी चकती दोरीने हँडलला बांधलेली असते. हेल्मेट काढायचे नाही. टाकीवरच्या पिशवीतून रॅलीचा झेंडा, म्हणजे स्पर्धकाचा क्रमांक छापलेला कापडाचा तुकडा, काढायचा. चिमट्याने किंवा चुंबकाने तो गाडीवर अथवा पाटीवर अडकवायचा. छायाचित्र काढून तिथेच मोठे करून पाहायचे : क्रमांक वाचता येतो का, झेंडा वाऱ्याने दुमडला तर नाही ना, पुस्तकात सांगितलेली वस्तू पूर्ण आली का. मग नोंदवहीत बोनसचा क्रमांक, वेळ आणि ओडोमीटरचे, म्हणजे गाडीने कापलेले अंतर दाखवणाऱ्या मापकाचे, वाचन. झेंडा पुन्हा त्याच खिशात. झेंडा मागच्या बोनसपाशीच राहून जाणे हा या खेळातला सर्वांत जिव्हारी लागणारा अपघात, कारण अनेक रॅल्यांत त्यानंतर झेंड्याविना काढलेल्या छायाचित्राला गुण कापून मिळतात किंवा मिळतच नाहीत.

झोप आणि सुरक्षा

दीर्घ रॅलीत खरा प्रतिस्पर्धी थकवा असतो. संशोधक डॉसन आणि रीड यांच्या १९९७ च्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात, सलग १७ तास जागे असलेल्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असल्यासारखी मंदावलेली आढळली. २४ तासांनंतर ती ०.१० टक्क्यांच्या आसपास गेली. दुचाकीवर तर क्षणभराची डुलकीही पुरते. म्हणून जबाबदार आयोजक विश्रांतीलाच गुण देतात. ‘रेस्ट बोनस’मध्ये एकाच जागी ठरावीक तास थांबल्याचे दोन पावत्यांवरून सिद्ध करायचे असते, आणि हे गुण इतके ठेवतात की झोप टाळणाऱ्याचे नुकसानच व्हावे. हा नियम ज्या रॅलीत नाही, तिच्यात उतरण्यापूर्वी नवख्याने दोनदा विचार करावा. वेगमर्यादा मोडल्याचा दंड झाला तर अनेक रॅल्यांत थेट बाद करतात. नवख्याने पहिली रॅली आठ-बारा तासांची निवडावी, नेहमीच्या वापरातलीच गाडी न्यावी आणि गुणांपेक्षा वेळेत पोहोचणे हे लक्ष्य ठेवावे. गाडी कोणती याने फारसे बिघडत नाही. सवयीचे आसन, चांगला पावसाळी पोशाख, पाण्याची नळी जोडलेली पिशवी आणि नवे टायर यांनी बरेच काही सुधारते.

गुणांचे टेबल

सुरुवातीला आयोजक मोजलेल्या अंतरावरून सर्वांना एक फेरी मारायला लावतात. त्याला ओडोमीटर तपासणी म्हणतात. खऱ्या ५० किमीला एखादी गाडी ५२ दाखवत असेल तर तिच्या प्रत्येक वाचनाला साधारण ०.९६ ने गुणावे लागते. त्याशिवाय निरनिराळ्या गाड्यांची अंतरे एका मापात येत नाहीत. शेवटी मुदत संपली की उशिराच्या प्रत्येक मिनिटाला गुण कापले जातात आणि ठरावीक सवलतीनंतर येणाऱ्याच्या नावापुढे ‘अपूर्ण’ असा शेरा पडतो. हातात कितीही बोनस असोत.

त्यानंतर स्पर्धक गुणतपासनिसासमोर बसतो. नोंदवही आणि छायाचित्रे एकेक करून ताडली जातात. वेळ लिहायची राहिली, क्रमांकातील दोन आकडे उलटसुलट झाले, पाटीऐवजी शेजारचा पुतळा टिपला, की तो बोनस शून्य. त्यामुळे बरेच जण मुदतीच्या तासभर आधीच येतात आणि वाहनतळाच्या कोपऱ्यात बसून कागद लावतात. टेबलावर बसण्यापूर्वी दुरुस्त केलेली चूक चालते, बसल्यावर दाखवलेली नाही. मान्य न झालेल्या बोनसबद्दल रॅलीमास्टरकडे दाद मागता येते, त्याचा निर्णय अखेरचा. रात्रीच्या जेवणात निकाल खालून वर वाचला जातो आणि पहिल्या काही जणांचे मार्ग पडद्यावर दाखवतात. तेव्हा कळते की विजेता आपल्याच वाटेने गेला होता, फक्त ज्या ९०० गुणांसाठी आपण खोऱ्यात उतरलो, तिथे तो वळलाच नव्हता.