ब्रह्मपुरीचा पोसायडन

कोल्हापूरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयातील ब्राँझची छोटी मूर्ती. पोसायडन हा ग्रीकांचा समुद्रदेव, रोमन लोकांचा नेपच्यून. मूर्ती रोमन घडणीची असून इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातली मानली जाते. ती सापडली पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीत, म्हणजे घाट उतरल्याशिवाय समुद्र दिसत नाही अशा गावात.

१९४५च्या सुमारास टेकडीवर सातवाहनकालीन घरांचे अवशेष आणि तांब्या-ब्राँझच्या वस्तूंचा मोठा साठा मिळाला. राजाराम कॉलेजातले कन्नडचे प्राध्यापक के. जी. कुंदणगार यांचे या कामी ऋण मोठे आहे. पाठोपाठ १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी शास्त्रीय उत्खनन केले. या वस्तूंसाठीच १९४६ मध्ये संग्रहालय सुरू झाले.

देव दाढीवाला, विवस्त्र, पिळदार अंगाचा. एक हात उंच धरलेला आहे. त्या मुठीत त्रिशूळ असणार, आज तो नाही. ही ठेवण ग्रीक शिल्पकार लिसिपोस याच्या हरवलेल्या शिल्पावरून आली असे अभ्यासक मानतात. याच साठ्यात रोमन सुरई, आरसा आणि वीर पर्सियस व राजकन्या अँड्रोमिडा यांचे उठावाचे चित्र असलेली तबकडीही होती. ग्रीक पुराणकथेत अँड्रोमिडाला गिळायला येणारा समुद्रराक्षस धाडतो तो पोसायडनच. देव आणि त्याची कथा एकाच ढिगात कोल्हापूरला पोचली, हा योगायोग फार कमी पाहणाऱ्यांच्या लक्षात येतो. शेजारी हत्तीवर बसलेल्या स्वारांचे एतद्देशीय ओतकामही आहे. ते पोसायडनइतकेच निरखून पाहावे, कारण आपले कारागीर त्या काळी कोणत्या तोडीचे होते हे त्यातून कळते.

मूर्ती आली कशी, याचे उत्तर व्यापारात आहे. पावसाळी वाऱ्यांवर रोमन साम्राज्यातली गलबते अरबी समुद्र ओलांडून पश्चिम किनाऱ्याला लागत; तिथला माल घाटवाटांनी देशावर चढे आणि इकडचे कापड, मणी, मसाले उलट जात. साठा कुणाचा होता, पूजेचा, शौकाचा की मोडीत घातलेला, यावर मतभेद आहेत. सुट्या भांड्यांची सरमिसळ पाहता एखाद्या तांबटाचा किंवा व्यापाऱ्याचा माल असणे मला अधिक पटते.

ओळख एकतर्फी नव्हती. कोल्हापूर परिसरात शिशाची नाणी मिळतात. त्यांवर धनुष्यबाण आणि ‘वासिठीपुतस विळिवायकुरस’, म्हणजे वासिष्ठीपुत्र विळिवायकुर या राजाचे, अशी ब्राह्मी अक्षरे आहेत. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात बसून जगाचा भूगोल लिहिणाऱ्या टॉलेमीने हिप्पोकुरा ही ‘बालेओकुरोस’ राजाची राजधानी असल्याचे नोंदवले आहे. हा बालेओकुरोस म्हणजे नाण्यांवरचा विळिवायकुरच, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.