जाड अर्थ वायरने ॲव्हरेज वाढत नाही

नाशिकमध्ये द्वारका ते सातपूर कुठल्याही गॅरेजवर एक सल्ला हमखास मिळतो: इंजिनची अर्थ वायर (इंजिनमधला करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी पट्टी) जाड टाका, पिकअप आणि ॲव्हरेज वाढेल. मूळ वायर धड असेल तर यातलं काहीच होत नाही. पेट्रोल किती जाळायचं हे ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सेन्सर बघून ठरवतो; इग्निशनला लागणारा करंट मूळ वायर सहज पेलते.

मग काहींना फरक जाणवतो तो का? कारण त्यांची जुनी जोडणी खराब झालेली असते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं आणि रबरातून वीज जात नाही. त्यामुळे सेल्फ मारताना लागणारा शंभर-दीडशे अँपिअर करंट या एका पट्टीतूनच बॅटरीकडे परततो. इगतपुरीकडचा पाऊस खाल्लेल्या गाडीत थिंबलखाली, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली, गंज धरतो. तिथे 0.005 ओहम रोध आला, तरी 150 अँपिअरला 0.75 व्होल्ट वाया जातात. सेल्फ रडतो, दिवे मंदावतात. नवी वायर टाकताना ती जागा घासली जाते, आणि श्रेय जातं जाडीला!

खर्चाआधी मल्टिमीटर लावा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूला, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. 0.2 व्होल्टच्या आत असेल तर वायरला हात लावू नका. अर्ध्या व्होल्टवर गेलं, तर बॅटरीचं निगेटिव्ह काढून पॉलिश पेपरने दोन्ही टोकं चकचकीत करा, घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. तारा तुटल्या असतील तरच पट्टी बदला.